गहू सोडला, तरी पोटाचा नगारा: मेलबर्नच्या मराठी स्वयंपाकघरातून

ऑस्ट्रेलियात पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचं तर चाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सापडताच कामा नये. ओट्स किंवा माल्ट असले तर तो शब्द वापरताच येत नाही. भारतात, युरोपात, अमेरिकेत किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे इथला नियम चांगलाच कडक. तरी गहू बंद करून तीन-तीन महिने झालेल्यांचंही संध्याकाळी पोट फुगतं आणि बेंबीभोवती कळा येतात.

आधी एक उलटा प्रश्न विचारायचा: गहू कुणाच्या सांगण्यावरून सोडला? सीलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार. त्यासाठीची टीटीजी ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला आणि मग रक्त दिलं, तर सीलिॲक असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. मग इथले डॉक्टर मोठ्या माणसाला साधारण सहा आठवडे रोज चारेक स्लाइस ब्रेड खाऊन यायला सांगतात. त्याची धास्ती वाटत असेल तर आधी जनुकतपासणी करता येते, तिला गहू खावा लागत नाही. ती निगेटिव्ह आली तर सीलिॲक जवळपास बादच. पॉझिटिव्ह आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही.

सीलिॲक पक्कं झालेलं असेल तर पहिली झडती मिसळणाच्या डब्याची. पिवळ्या हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा: बऱ्याच डब्यांत डिंकाच्या जोडीला गव्हाचं पीठ असतं. तोच हिंग लोणच्यात, पापडात, घरून आलेल्या गोड्या मसाल्यात. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्यावा. मेतकुटात गहू सहसा पडतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी पडतो, कुरडया तर गव्हाच्याच. ज्वारीचं पीठ गिरणीतून आलं असेल तर आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू त्यात उतरलेला असतो. मूठभर ज्वारी आधी फिरवून जातं फारसं साफ होत नाही. घरून पीठ पाठवायचंच असेल, तर ज्या घरघंटीत गहू कधीच दळला नाही तिच्यातलं पाठवा. इथे पोचल्यावरही कणकेचं पोळपाट-लाटणं, चाळणी आणि टोस्टर वेगळे हवेत.

हे सगळं चोख असूनही पोट फुगत असेल, तर खरा घोळ बहुधा पुढे आहे. गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं, तसंच फ्रुक्टान नावाचं कर्बोदकही असतं. ते तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. न पचता ते मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो. आतडं संवेदनशील असलं की त्याच वायूची कळ होते. नॉर्वेत सीलिॲक नसलेल्या, पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना एकेक आठवडा वेगवेगळे म्युझली बार दिले गेले. २०१८ साली निष्कर्ष छापून आले: त्रास ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानवर जास्त.

आता आपलं ताट बघा. पोळी गेली, तिच्या जागी बेसनाचं धिरडं, पिठलं, जास्तीची उसळ आणि वर कांदा-लसूण मसाला आला. कांदा-लसणात फ्रुक्टान ठासून भरलेलं, तर हरभरा, राजमा यांत त्याचंच भावंड, गॅलॅक्टो-ओलिगोसॅकराइड. म्हणजे गहू गेला खरा, पण आंबणारा माल ताटात वाढला. दुकानातला ग्लुटेन फ्री ब्रेडही वाचून घ्या. त्यात चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन (हेही फ्रुक्टानच), मध किंवा सफरचंदाचा रस घातलेला असू शकतो.

अशा न पचता आंबणाऱ्या कर्बोदकांना फॉडमॅप म्हणतात, आणि ती कमी करण्याचा आहार मेलबर्नच्याच मोनॅश विद्यापीठाने बसवला. त्यांच्या ॲपमध्ये पदार्थ आणि वाढणीनुसार लाल-पिवळे-हिरवे दिवे आहेत. पहिले दोन ते सहा आठवडे कपात. लसणाची चव सोडायची गरज नाही: दोन चमचे तेलात चार अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर गुलाबी करा, काढून टाका, मग मोहरी-जिरं घाला. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणूनच आमटीत उकळलेला लसूण नंतर वेचून काढण्यात अर्थ नाही. असं तेल करून साठवू मात्र नका, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती असते. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. डबाबंद चणे पाणी ओतून, धुऊन पाव कप बहुतेकांना चालतात.

बहुतेक लोक चुकतात ते इथून पुढे: बरं वाटलं की वर्षभर तेच खात राहतात. कपात ही चाचणी आहे, कायमचं पथ्य नव्हे. एका वेळी फॉडमॅपचा एकच गट परत आणायचा. उदाहरणार्थ दूध (त्यातली लॅक्टोज ही साखरही फॉडमॅपच): पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक, मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा गट. सीलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दूध तात्पुरतं बाधू शकतं, आणि मोठ्यांत अस्तर भरायला कधी दोन वर्षंही लागतात.

वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय यांतलं काही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून थेट डॉक्टर. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगत असेल तर अंडाशयाची तपासणी मागून घ्यावी. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चावत बसू नये. मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, असेल आणि डॉक्टरांनी दीर्घकालीन आजाराची योजना लिहून दिली, तर आहारतज्ज्ञासह संबंधित तज्ज्ञांच्या मिळून वर्षाला पाच भेटींना अनुदान मिळतं. पहिल्या भेटीला आठवडाभराची वही न्या: काय खाल्लं, किती वाजता, दुखायला कधी लागलं. आणि हिंगाची डबीही सोबत घ्या, कारण इथल्या आहारतज्ज्ञाला ती विचारायची आठवण बहुधा होणार नाही.