सात कोटी एकोणचाळीस लाखांची संख्या

मंगळवार, रात्री उशिरा

७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मूळ संख्या आहे, पण तेवढ्यावर मी इतका हरखलो नसतो. हिचा शेवटचा अंक खोडला तरी उरते ती मूळच: ७३९३९१३. आणखी एक खोडा, ७३९३९१. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि ७. मागून कितीही छाटा, मूळपण जात नाही. अशा एकूण ८३ संख्या आहेत आणि ही त्यांतली सगळ्यांत मोठी.

थ्री फेज सध्या रात्रीची, म्हणून हरभऱ्याचं ओलीतही रात्रीच. पाईप बदलून झाले की पुढच्या पाळीपर्यंत भाचा आणि मी वही उघडतो. ७३९३ त्याने हातानं तपासली. ८६ चा वर्ग ७३९६, म्हणून ८३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला की पुरे. त्या २३ भरतात. अख्ख्या संख्येसाठी मात्र ८५९८ पर्यंत जावं लागतं, म्हणजे हजारावर भागाकार. ते काम मोबाईलला दिलं.

मग तो म्हणाला, "मामा, मांगून आकडे काढता येते, त मांगं एखांदा जोडता कावून नाही येत?"

फार मोलाचा प्रश्न विचारला पोरानं. जोडायचा तर १, ३, ७ किंवा ९; बाकी कुठलाही अंक आला की २ ने नाहीतर ५ ने भाग जातो. आता आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ३८. १ जोडला तर ३९, ७ जोडला तर ४५, दोन्हींना ३ ने भाग जातो. ३ आणि ९ या नियमातून सुटतात, पण त्या दोन्ही संख्यांना दुसरे भाजक आहेत.

या तिनाच्या नियमानं मला आज वेड लावलं. सुरुवातीच्या ७ ला तिनाने भागलं तर बाकी १. पुढे १ किंवा ७ आला की बाकी एकानं वाढते, ३ किंवा ९ नं हलत नाही. म्हणजे सातानं सुरू झालेल्या संख्येत पुढे १ किंवा ७ एकदाच चालेल, दुसऱ्यांदा आला की बाकी शून्य. आपल्या संख्येत तो एकुलता १ सहाव्या जागी आहे, बघा! २ किंवा ५ नं सुरुवात असेल तर एकदाही नाही. ३ नं असेल तर दोनदा, आणि पहिला तर ३ च्या लगेच शेजारी, कारण ३३ आणि ३९ मूळ नाहीत.

आठ अंकी अशा पाचच आहेत: २३३९९३३९, २९३९९९९९, ३७३३७९९९, ५९३९३३३९ आणि ७३९३९१३३. तिनाच्या संख्येत ७ बरोब्बर दोनदा. भाच्यानं दोन्ही सातांना पेनानं गोल केले.

"आन् नवानं सुरू केली त?" त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "नाही, नऊच मूळ नाही."