अहिंसा आणि तांबडा रस्सा

एखाद्या रॉक बँडचे नवे गाणे आले की चाहत्यांमध्ये चार दिवस वाद होतात. गिटार पूर्वीसारखी वाजत नाही, गायकाचा गळा थकला, अशा त्यातल्या बहुतेक तक्रारी असतात आणि त्या आपोआप निवतात. ‘यू-टू’ या आयरिश बँडचे मात्र तसे नाही. डब्लिनमधल्या एका शाळेतल्या मुलांनी १९७६ साली सुरू केलेल्या या बँडच्या चाहत्यांना गाणे आवडले की नाही यापेक्षा ते कोणाला उद्देशून आहे, प्रेयसीला की परमेश्वराला, याचा निकाल लावण्यात अधिक रस असतो. आमच्या कोल्हापुरातही असे चाहते आहेत. तालीम, फुटबॉल आणि मटण यांतून सवड काढून डब्लिनच्या चार माणसांच्या श्रद्धेची चौकशी करणारी ही मंडळी संख्येने थोडी असली तरी आवाजाने भरपूर आहेत, आणि गेली कित्येक वर्षे मी त्यांच्यातलाच एक आहे.

आमच्यातला सर्वांत मोठा वाद झाला तो २०१९ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेने शहराला वेढा घातला होता आणि नदीकडच्या पेठांमधल्या कितीतरी घरांच्या भिंतींची ओल अजून गेली नव्हती. अशा दिवसांत बातमी आली की यू-टू पहिल्यांदाच भारतात येणार आणि १५ डिसेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाणार. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले असल्यामुळे हा कार्यक्रम जवळजवळ कोल्हापुरातच होत आहे, असा निष्कर्ष आमच्या मंडळींनी तत्काळ काढला आणि महालक्ष्मी एक्सप्रेसच्या तिकिटांची धावाधाव सुरू झाली. त्याच सुमारास बँडचे नवे गाणे आले. ए. आर. रहमान यांच्यासोबत केलेल्या त्या गाण्याचे नाव होते ‘अहिंसा’.

ते सगळ्यांनी मिळून ऐकायचे ठरले आणि राजारामपुरीतल्या एका मित्राच्या गच्चीवर बैठक बसली. कोल्हापुरात बैठक बसली म्हणजे काय शिजले असेल हे सांगण्याची गरज नाही. एका पातेल्यात तांबडा, दुसऱ्यात पांढरा, परातीत सुके मटण आणि कठड्यावर मोबाइलला जोडलेला एक छोटा स्पीकर अशी सगळी मांडणी होती. आमच्यातला एक मित्र हातकणंगले तालुक्यातल्या जैन घरातला. तो दिवस मावळायच्या आत जेवून येतो आणि आमची ताटे उठेपर्यंत वाऱ्याची दिशा बघून खुर्ची सरकवत राहतो. गाणे सुरू झाले. खतीजा आणि रहीमा या रहमान यांच्या मुलींच्या आवाजात तमिळ ओळी आल्या आणि ओठाला लावलेल्या पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या क्षणभर तिथेच थांबल्या. त्या ओळी तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथातल्या आहेत हे कोणीतरी सांगितले आणि जैन मित्र सरसावून बसला.

“अहिंसेचं गाणं आणि ताटात बकरं! हे काय खरं न्हाई, भावा,” तो म्हणाला.

“बकरं सकाळी कापलंय, गाणं आत्ता ऐकतोय. दोन्हीचा एकमेकाशी काय संबंध न्हाई,” यजमानाने तिथल्या तिथे निकाल दिला.

गमतीचा भाग इथे संपला, कारण गाणे दुसऱ्यांदा लावल्यावर तट पडले. ज्याला यू-टू म्हणजे लॅरी मलनचे ढोल एवढेच ठाऊक आहे, तो म्हणाला की ह्याला रॉक म्हणायचे तर सकाळी आकाशवाणीवर लागते ते काय मग? जैन मित्राचे म्हणणे असे की बँडने आजवर केलेल्या सगळ्या धार्मिक गाण्यांत हेच खरे, कारण यात कुणा एका देवाला पकडून ठेवलेले नाही. त्याच्या म्हणण्याला आधार होता. तिरुक्कुरळ हा १३३० कुरळांचा, म्हणजे द्विपदींचा, ग्रंथ एखाद्या पंथाचे नाव लावून येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाला तो आपला वाटत आला आहे. पहिल्याच कुरळातला आदिभगवान म्हणजे आमचे आदिनाथ, असे जैन सांगतात. हिंदूंना त्याचे कर्ते तिरुवळ्ळुवर आपलेच वाटतात, तर काही ख्रिस्ती अभ्यासकांनी त्यात ख्रिस्ती शिकवणुकीच्या खुणाही शोधल्या. असा ग्रंथ निवडणे ही चलाखी आहे की नम्रता, यावर आमचा अर्धा तास गेला. मला विचाराल तर दोन्ही.

न्यू शाहूपुरीत राहणारा आणि दर रविवारी चर्चला जाणारा मित्र बराच वेळ हाड चोखत गप्प होता. शेवटी तो म्हणाला, “ह्यात देवाकडं काय मागणंच न्हाई. मागणं न्हाई, तक्रार न्हाई, मग प्रार्थना कसली?”

वादाचे खरे बीज या वाक्यात होते, आणि ते समजून घ्यायचे तर या बँडचा जुना हिशेब थोडा बघावा लागतो. गायक बोनोचे वडील कॅथलिक आणि आई प्रोटेस्टंट. ज्या आयर्लंडमध्ये या दोन शब्दांवरून माणसे मारली जात होती, तिथे एकाच घरात दोन्ही नांदत होते. आई तो चौदा वर्षांचा असताना गेली. पुढे बोनो, गिटार वाजवणारा एज आणि लॅरी हे तिघे ‘शालोम’ नावाच्या एका ख्रिस्ती गटात जाऊ लागले. १९८१ साली दुसरा अल्बम करताना त्यांच्यापुढे असा पेच उभा राहिला की रॉक संगीत आणि देवाची सेवा एकत्र जमतात का, आणि त्या पेचापायी बँड मोडता मोडता राहिला. चौथा गडी, बास गिटार वाजवणारा ॲडम क्लेटन, या गटात नव्हता. बँड टिकला आणि तो गट सुटला. म्हणजे चाहत्यांनी आज घातलेला वाद आधी बँडने स्वतःशी घातलेला आहे, आणि तो त्यांच्या गाण्यांतून कधी गेलाच नाही.

१९८७ सालच्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमचेच बघा. ज्या झाडावरून त्याला नाव दिले त्या झाडालाही बायबलमधल्या यहोशवाचे नाव आहे. त्यातल्या दुसऱ्या गाण्याला चाल चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांची आहे. क्रूसाची कबुली आहे, येणाऱ्या राज्यावर विश्वास आहे, आणि एवढे सगळे झाल्यावरही गायक म्हणतो की मला जे हवे ते अजून सापडलेले नाही. तिकडच्या अनेक श्रद्धाळू श्रोत्यांना हे खटकले. ख्रिस्त मिळाल्यावर आणखी काय शोधायचे राहते, असा त्यांचा प्रश्न होता. नास्तिक चाहत्यांना तीच ओळ आपल्या बाजूची साक्ष वाटली. हा वाद वाचताना मला नेहमी हसू येते, कारण पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला या ओळीत न समजण्यासारखे काहीच नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला काय काय सुनावले आहे! नामदेवांनी त्याच्याशी लाडात येऊन भांडण काढले, जनाबाईंनी शिव्या घातल्या, तुकोबांनी तर तू आहेस की नाहीस इथपर्यंत त्याला धारेवर धरले. तरीही त्यांची श्रद्धा संपली असा अर्थ कोणी काढला नाही. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्याशीच माणूस भांडतो.

कोण कोणाच्या देवाचे गाणे गातो, ही गोष्ट तर कोल्हापुरात कधी फारशी खटकलीच नाही. शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते अल्लादियाखाँसाहेब. त्यांच्या घराण्यातल्या बंदिशींत कृष्ण आणि शिव किती आले असतील याची मोजदाद करत बसण्याची कोणाला गरज वाटली नाही. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतात. चर्चवाल्या मित्राकडे नाताळात गेलो की पेटी आणि तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजने ऐकायला मिळतात, आणि डोळे मिटून ऐकली तर आपण चर्चमध्ये आहोत की हरिनाम सप्ताहात, असा प्रश्न पडावा अशी त्यांची घडण आहे. त्यामुळे २००५ च्या दौऱ्यात बोनोने चंद्रकोर, डेव्हिडचा तारा आणि क्रूस यांची अक्षरे करून ‘कोएक्झिस्ट’, म्हणजे सहअस्तित्व, असे लिहिलेली पट्टी कपाळाला बांधली, तेव्हा परदेशातल्या काही चाहत्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, तरी आम्हांला त्यात धाडस असे काही दिसले नाही. पट्टी मात्र थोडी भडक होती.

म्हणूनच ‘अहिंसा’बद्दलचे माझे मत आमच्या गच्चीवर फारसे चालले नाही. तमिळ, इंग्रजी, रहमान, गांधींचा वारसा, सगळे धर्म एका अंगणात, हे सारे मला मान्य आहे, आणि तिथेच माझी अडचण आहे. त्या गाण्यात कोणी कोणाशी भांडत नाही. सगळ्यांचे आधीच एकमत झालेल्या सभेत बसल्यासारखे वाटते, ठराव चांगला असतो आणि हात वर करून घरी जायचे असते. बोनोचा देव मला जिथे जिथे खरा वाटला, तिथे तो गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात तरी होता किंवा उत्तर न देता गप्प तरी बसलेला होता.

याची सर्वांत चांगली साक्ष १९८३ सालच्या ‘वॉर’ या अल्बमच्या शेवटी आहे. डब्लिनच्या स्टुडिओतली वेळ संपत आली होती, एक गाणे कमी पडत होते आणि ॲडम निघून गेला होता. तेव्हा एजने बासही वाजवली आणि बोनोने बायबलमधले चाळिसावे स्तोत्र समोर धरून घाईघाईत गाणे उभे केले. त्याचे नावच ‘४०’. मूळ स्तोत्र वाट पाहणाऱ्याचे आहे, देवाने चिखलातून वर काढल्याचे आहे, आणि त्यात नवे गीत मिळाल्याची कृतज्ञता आहे. पण गाण्याच्या ध्रुवपदात जो “किती काळ?” असा सवाल येतो, तो चाळिसाव्यातला नाही, सहाव्या स्तोत्राच्या आर्जवातून उचललेला आहे. म्हणजे आभाराच्या स्तोत्रात बोनोने तक्रारीचे कलम घुसवले. ही लबाडी मला फार आवडते. पुढे कित्येक वर्षे कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने होई. ॲडम आणि एज वाद्यांची अदलाबदल करत, मग एकेक जण मंचावरून निघून जाई, सर्वांत शेवटी लॅरी ढोल थांबवे, आणि लोक तो सवाल गातच राहत, अगदी बाहेरच्या रस्त्यापर्यंत. तिकीट काढून आलेल्या हजारोंना हे स्तोत्र आहे याची कल्पना असेल-नसेल, पण “किती काळ?” हे विचारायला कोणाला बाप्तिस्मा लागत नाही. चर्चवाल्या मित्राने त्याच्या आजीच्या मराठी बायबलातली ती दोन्ही स्तोत्रे आम्हांला एका संध्याकाळी वाचून दाखवली होती. सहावे वाचताना तो जरा जास्तच रंगात आला होता.

जैन मित्राने माझा मुद्दा शांतपणे ऐकून घेतला आणि मग त्याच्या बाजूने एक चांगला डाव टाकला. तिरुक्कुरळच्या अहिंसेवरच्या प्रकरणात असे एक कुरळ आहे की आपले वाईट करणाऱ्याला शिक्षा करायची असेल, तर त्याचे इतके भले करावे की त्याला स्वतःचीच लाज वाटावी, आणि मग दोन्ही विसरून जावे. “ह्यात तुला भांडण दिसत न्हाई व्हय रं?” त्याने विचारले. “अरे, ही तर आपल्या पैलवानांची पट. अंगाला हात न लावता माणूस चितपट.” मी त्याला दाद दिली, कारण त्या दोन ओळींत शिक्षा आहे, जिरवणे आहे, आणि वर विसरून जाण्याचा रुबाबही आहे. पण अशा ग्रंथाला गाण्याची ती गोड, संथ चाल लावली की ही धार बोथट होते, हे माझे मत कायम राहिले. त्याचे उत्तर असे की धार ऐकायला आधी कानातला ढोलांचा गजर काढावा लागतो. तेवढ्यात ढोलवाला मित्र आपल्यावर टीका झाली असे समजून मध्ये पडला आणि चर्चा पुन्हा लॅरी मलनकडे गेली.

नेरूळला ‘अहिंसा’ झाले. रहमान आणि त्यांच्या मुली मंचावर आल्या. आमच्यातले जे गेले होते त्यांनी परत येऊन सांगितले की मैदानात ते गाणे स्पीकरवरच्यापेक्षा पुष्कळ मोठे वाटले. मी ते मान्य केले, कारण मी गेलो नव्हतो. जैन मित्र आजही इचलकरंजीला जाताना गाडीत तेच लावतो आणि मी शेजारी असलो तर आवाज मुद्दाम वाढवतो. बँडचे नवे काही आले की कोण कोणत्या बाजूला बसणार हे आता ऐकण्याआधीच ठरलेले असते. बेभरवशाचा आहे तो फक्त चर्चवाला मित्र. देवाची बाजू घेईल असे आपण धरून चालावे, तर नेमका तोच तक्रारदारांच्या रांगेत पुढे उभा असतो आणि पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी मागत असतो.