एक पंख ठेवायचाच

अमेरिकेत स्थलांतरित बदक मारलं, तर घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला तसाच ठेवावा लागतो. कायदाच आहे तो. वाटेत कुणी तपासलं तर जात ओळखता यावी म्हणून. शिकारीशी माझं काही देणंघेणं नाही, पण या नियमावर माझा फार जीव जडला आहे.

मिनेसोटात हंगाम सुरू झाला की आमच्या प्रयोगशाळेत लोक पिशव्या घेऊन येतात. बदक सोलताना छातीच्या स्नायूत पांढरे दाणे दिसतात, अगदी तांदूळ पेरल्यासारखे, स्नायूच्या धाग्यांना समांतर. परवा एक म्हातारे शेतकरी तसं मांस बर्फात ठेवून घेऊन आले. पंख जोडलेला, सोबत तळ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. पंखावरचा आरसा, म्हणजे चमकदार रंगाचा पट्टा, निळा-जांभळा, दोन्ही कडांना पांढरी पट्टी, म्हणजे मॅलार्ड. पक्षी कोणता हे तिथल्या तिथे ठरलं. मांसाचा नुसता तुकडा आला असता तर त्या एका प्रश्नासाठीही डीएनए तपासावा लागला असता. कुणी सांगितलं नसताना तो माणूस गाडी काढून एवढ्या लांब आला, हे मला अजून पचत नाही. मी त्यांना चहा दिला, त्यांनी तो साखर न घालता प्यायला.

ते दाणे म्हणजे सार्कोसिस्टिस या एकपेशीय परजीवीच्या गाठी. एक गाठ काचपट्टीवर दाबली की सूक्ष्मदर्शकाखाली केळ्याच्या आकाराच्या असंख्य पेशी बाहेर पडतात. वंश कळायला एवढं पुरतं, जात कळायला नाही. बदकांतल्या या जातीला सार्कोसिस्टिस रायली म्हणतात. तिचं पहिलं वर्णन १८९३ सालचं, चार्ल्स स्टाइल्स यांचं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गाठीच्या भिंतीवर फुलकोबीसारखे उंचवटे दिसतात, ती तिची खूण. शेवटचा कौल डीएनएचा, विशेषतः आयटीएस-१ या भागाचा, कारण पक्ष्यांत सापडणाऱ्या सार्कोसिस्टिसच्या जवळच्या जातींत तोच सर्वांत जास्त बदलतो. म्हणून नमुन्याचे आम्ही दोन भाग करतो: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक गोठवून. सगळंच गोठवलं तर बर्फाच्या स्फटिकांनी ऊती फाटतात आणि सूक्ष्मदर्शकासाठी कापलेला पातळ छेद वाचता येत नाही. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये घातलं तर डीएनए खराब होतो.

हा रोग बदकाकडून बदकाकडे जात नाही. बदकाचं मांस खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात परजीवीची पुढची अवस्था तयार होते आणि त्याच्या विष्ठेतून पाण्यात, चाऱ्यात उतरते. अमेरिकेत तो प्राणी पट्टेरी स्कंक, युरोपात तांबडा खोकड आणि रकून कुत्रा. माणसाला या जातीपासून धोका आढळलेला नाही, तरी मांस नीट शिजवा असं आम्ही सांगतोच.

आई ऐरोलीहून फोनवर म्हणते, "अगं, तिथे मारलेल्या बदकांत डोकं घालून बसतेस, इथल्या खाडीत काय कमी आहे?" दादाचंही तेच. त्यांना बोलायचा हक्क आहे. आपल्याकडे कायद्याने शिकार बंद आहे, ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रोहित उतरतात त्या नेरूळच्या डीपीएस तलावासाठी लोक रस्त्यावर उतरले. इथे मला कुणी 'तुमच्याकडे पक्ष्यांची कुणाला पर्वा नसते' असं म्हटलं, तर मी हेच सांगते आणि आवाज चढवून सांगते.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. मरणाचं कारण कळलं, हे महत्त्वाचंच. तरी मला वाटतं, असा एकही मेलेला पाणपक्षी छातीच्या स्नायूचा नखाएवढा तुकडा जपून न ठेवता पुरू किंवा जाळू नये. इथे हे ज्ञान मारलेल्या पक्ष्यांवर उभं राहिलं. आपल्याला एकही पक्षी न मारता ते मिळवता येईल, अपघातात आणि आजारात आपोआप मरणाऱ्यांकडून. खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत, ते बदकं खातात का, त्यांच्या विष्ठेत काय सापडतं, हेही त्याच अभ्यासात येईल.

आणि हो, मी इथे राहिले ते पळून नाही. थापट्या आणि तलवार बदक या दोन्ही जातींत रायली सापडतो, आणि दोन्ही जाती हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. गाठ ओळखायचं जे मी इथे शिकते, ते ऐरोलीच्या बदकालाही तेवढंच लागू आहे. दादाला हे पटत नाही.

खाडीकाठी मेलेलं बदक दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. पंख काठीने पसरा, आरशाचा रंग आणि कडेच्या पट्ट्या दिसतील असा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. छातीच्या स्नायूचा नमुना ठेवणार का, हेही विचारा.