भिगवण ते कडबनवाडी: टेलिकन्व्हर्टर कुठं लावायचा, कुठं काढायचा

यंदा जानेवारीच्या मध्यावर भिगवणजवळ उजनी धरणाच्या काठी कुंभारगावला मुक्काम केला. पक्षी बघायचे होतेच, पण त्याबरोबर एक हिशेबही करायचा होता. १८०-६०० मिमीची झूम लेन्स हाताशी असताना वर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून लेन्सची पोच वाढवणारा आणि सगळे ज्याला नुसतं ‘टीसी’ म्हणतात तो, घेण्यात अर्थ आहे का? नवा, मूळ कंपनीचा टीसी चाळीस हजारांच्या पुढे जातो. एवढ्या पैशांत उजनीवर नावेच्या कितीतरी फेऱ्या होतात. शिवाय हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुटत नाही. तो पाण्यावर आणि माळावर सुटतो.

पुणे-सोलापूर महामार्गानं भिगवण शंभरेक किलोमीटर आहे. पहाटे पुण्याहून निघूनही पोचता येतं, पण कुंभारगावात आदल्या रात्री राहिलेलं बरं. घरगुती राहण्याची सोय आहे, जेवणात उजनीची चिलापी मिळते, आणि मुख्य म्हणजे उजाडताना नाव पाण्यात असते. टीसीच्या बाबतीत ही वेळच सगळं ठरवते. कसं ते पुढे येईलच.

निघण्याआधी खोलीतच एक सोपं गणित करून घ्यावं. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची उंची २४ मिमी. तिला पक्ष्यापर्यंतच्या मीटरमधल्या अंतरानं गुणायचं आणि लेन्सच्या मिमीनं भागायचं. चौकटीत किती मीटर उंचीचा तुकडा मावेल ते कळतं. ६०० मिमीला ४० मीटरवर हे उत्तर १.६ मीटर येतं. मान उंच करून उभा असलेला रोहित (फ्लेमिंगो) साधारण १.३ मीटरचा, म्हणजे चौकट जवळजवळ भरली. टीसी लावून ८४० मिमी केलं तर १.१४ मीटरच मावतात, म्हणजे एक तर डोकं कापा नाही तर पाय. ‘भिगवणला टीसी पाहिजेच’ असं सांगणाऱ्यांनी हे गणित केलेलं नसतं. कुंभारगावचे नाववाले मासेमारीतच वाढलेले आहेत. इंजिन लांबच बंद करून, बांबूनं नाव रेटत ते अलगद जवळ नेतात. तिथं ६०० मिमी पुरते, कित्येकदा ४०० सुद्धा.

मग टीसी कशाला? रोहितांच्या बाबतीत त्याचा खरा फायदा अंतर राखण्यात आहे. ६०० मिमीनं ४० मीटरवरून जी चौकट मिळते, तीच ८४० मिमीनं ५६ मीटरवरून मिळते. हे १६ मीटर फार मोलाचे आहेत. थवा निवांत असतो तेव्हा माना खाली, चोची पाण्यात उलट्या आणि पाय चिखल ढवळत असतात. नाव जास्त जवळ आली की आधी माना वर होतात, मग चरणं थांबतं, मग सगळे एकमेकांजवळ सरकून एका दिशेला चालू लागतात. याच्या पुढची पायरी उडण्याची.

“पुढं घेऊ का अजून, सर?”

“नको दादा, हितंच थांबवा.”

हे पहिल्या माना वर झाल्या की लगेच म्हणायचं. चरणाऱ्या रोहितांचे फोटो घाबरलेल्यांच्या फोटोंपेक्षा केव्हाही चांगले येतात.

उड्डाणासाठी मात्र टीसी काढलेलाच हवा. ६०० मिमीला कर्णाच्या दिशेनं सुमारे ४ अंशांचं दृश्य मिळतं, ८४० ला ३ अंशांहूनही कमी. उडता पक्षी त्यात सापडवणंच अवघड होतं. दुसरी अडचण झूमच्या खालच्या टोकाची. टीसीसकट लेन्स १८० ऐवजी २५२ मिमीपासून सुरू होते, म्हणून जवळून उठलेला थवा चौकटीत मावत नाही. आणि नावेत टीसी काढता-घालता येत नाही, निदान काढू-घालू नये. वारा असतो, शिंतोडे उडतात, एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात लेन्स आणि मांडीवर टीसी. लावायचा तर खोलीत लावून निघावं, नाही तर खोलीतच ठेवावा.

लावताना कॅमेरा बंद करून, लेन्सचं तोंड खाली धरून, आधी टीसी लेन्सवर आणि मग दोन्ही मिळून कॅमेऱ्यावर असा क्रम ठेवावा. नंतर एक फोटो काढून त्याच्या माहितीत ८४० मिमी दिसतं का ते बघावं. ६०० च दिसलं तर संपर्काच्या सोनेरी पिना नीट जुळलेल्या नाहीत. कोरड्या मऊ कापडानं पुसून पुन्हा बसवावा. बहुतेक मूळ कंपनीच्या टीसींची पुढची काच बाहेर आलेली असते. ती ठराविक लेन्सच्या मागच्या पोकळीतच मावते. किट लेन्सवर जबरदस्ती केली तर काच काचेला भिडेल.

आता प्रकाशाचं. १.४ चा टीसी एक स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश निम्मा करतो, २ चा दोन. माझी एफ/६.३ ची लेन्स त्यामुळे एफ/९ होते (एफचा आकडा वाढला की प्रकाश घटतो). सूर्य नुकताच वर आलेला असताना १/१६०० चा शटर हवा असेल तर एफ/६.३ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या आसपास लागतो, एफ/९ ला १२,८००. आकडा बघून छाती दडपते. पण इथं एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. टीसी न लावता तोच पक्षी तेवढाच मोठा दाखवायचा तर फोटो कापावा लागतो. कापला की ४५ मेगापिक्सेलचे साधारण २३ उरतात, २४ चे १२, आणि त्यातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, तेवढाच मोठा होऊन दिसतो. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी, ८४० भागिले ९ म्हणजे ९३ मिमी. लेन्सचं तोंड तेच आहे, पक्ष्याकडून येणारा प्रकाशही तेवढाच आहे. म्हणून शेवटच्या फोटोतला नॉइज दोन्हीकडे जवळपास सारखाच निघतो. ‘टीसीनं नॉइज वाढतो’ हे टीसी नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती ऑटोफोकसमध्ये. मिररलेस कॅमेरे एफ/९ ला फोकस करतात, पण उजाडताना राखी पाण्यावरच्या राखी बगळ्यावर लेन्स पुढं-मागं घुटमळते. फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचा पल्ला मर्यादित करणारा लेन्सवरचा खटका, लांबच्या टप्प्यावर ठेवला की हे बरंच कमी होतं. डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, अडचण जास्त आहे. एफ/८ ला निकॉन डी५०० चे १५ च फोकस पॉइंट चालतात, कॅनन ७डी मार्क २ चा मधलाच. निकॉन २००-५०० एफ/५.६ किंवा कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. टीसी लावला की त्या दोन्ही लांबच्या टोकाला एफ/८ होतात, म्हणून ही गोष्ट विकत घेण्याआधीच माहीत हवी. एफ/६.३ ची सिग्मा किंवा टॅमरॉन १५०-६०० डीएसएलआरवर असेल तर एफ/९ ला भरवशाचा फोकस मिळत नाही. तिथं टीसीचा विचारच सोडून द्यावा.

टीसीनं खरं काम केलं ते मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांवर. खुंटावर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे साधारण ५५ सेंटिमीटरचा असतो आणि नावेला ५० मीटरच्या आत क्वचितच येऊ देतो. ६०० ला तो चौकटीच्या उंचीचा पाव हिस्स्याहून थोडाच अधिक व्यापतो, ८४० ला दोन पंचमांशाच्या जवळ जातो. बसलेला, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ठसठशीत, फोकसला कसलाही गोंधळ नाही. छातीवरचा पट्टा आणि पिवळा डोळा कापलेल्या फोटोपेक्षा टीसीच्या फोटोत स्पष्ट उमटतो. पट्टकादंबांसाठीही (बार-हेडेड गूज) टीसी असाच उपयोगी पडतो. मंगोलियात गळ्यात सांकेतिक खुणेची रंगीत पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात आढळले आहेत. अशी खूण वाचता आली तर ती नोंद म्हणून फार मोलाची. तिथं फोटो सुंदर नसला तरी चालतो, अक्षर कळलं पाहिजे.

आणखी एक उपयोग दुर्लक्षित राहतो. टीसीनं लेन्सचं किमान फोकस अंतर बदलत नाही. १८०-६०० लांबच्या टोकाला २.४ मीटरवर फोकस करते आणि टीसीसकटही तितक्यावरच. म्हणजे सेन्सरवरच्या प्रतिमेचा मोठेपणा खऱ्या आकाराच्या ०.२५ पटीवरून ०.३५ पटीवर जातो. दुपारी काठावरच्या लव्हाळ्यात बसणारे चतुर यानं सुरेख मिळतात.

कुरव (गल) पक्ष्यांना फरसाण टाकून नावेभोवती गोळा करण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. पक्ष्यांच्या पोटाला ते चांगलं नाही आणि फोटोही सगळ्यांचे एकाच साच्यातले येतात. नाववाल्याला आधीच नको म्हणून सांगावं.

साडेआठ-नऊच्या पुढे खरा शत्रू हवा असते. ऊन चढलं की उघड्या पडलेल्या चिखलावर आणि काठावर हवा थरथरायला लागते. ती थरथर लेन्सच्या दर्जाला जुमानत नाही आणि टीसी पक्ष्याबरोबर तिलाही १.४ पट करतो. घरी येऊन लोक टीसीला दोष देतात. दोष कुणाचा हे जागेवरच ओळखता येतं. स्थिर बसलेल्या पक्ष्याचे एका दमात दहा फोटो काढायचे. दहाही सारखेच मऊ असतील तर फोकस चुकतोय किंवा टीसी-लेन्सची जोडी जमत नाही. दोन तीक्ष्ण, तीन बरे, बाकी वितळल्यासारखे, असं येत असेल तर ती हवा. अशा वेळी जवळ जाणं किंवा थांबणं एवढंच हातात असतं. पाण्यालगत लेन्स खाली नेली की पार्श्वभूमी छान येते, पण नजर त्याच थरथरत्या थरातून जाते. म्हणून खालून काढायचे फोटो पहिल्या तासाभरातच उरकावेत. नावेत तिपाई निरुपयोगी आहे. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात दीड-दोन किलो तांदूळ भरावेत आणि ती नावेच्या कडेवर ठेवावी. बसलेल्या पक्ष्यालाही ८४० मिमीवर १/१००० च्या खाली जाऊ नये, नाव हलतच असते.

भिगवणहून पुढं कडबनवाडीच्या माळावर गेलो. वनखात्यानं इथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. बुकिंग ऑनलाइन, सोबत स्थानिक गाइड, आणि गाडी ठरलेल्या वाटेवरूनच. अंतर आपल्या हातात नसतं, त्यामुळे इथं टीसी लागेल असं वाटतं. चिंकारा खांद्यापाशी ६५ सेंटिमीटर. १५० मीटरवर ६०० मिमीच्या चौकटीत तो उंचीच्या ११ टक्के दिसतो, ८४० ला १५ टक्के. फरक आहे, पण दोन्हीकडे फोटो माळाचाच होतो, चिंकारा त्यातला एक जीव. मग माळ नीट दाखवावा हे मला जास्त पटतं. खोकड मात्र बिळाशी बसून राहतं, धाविक (कोर्सर) पक्षी वाटेच्या कडेला येतो. तिथं सकाळच्या थंड हवेत टीसी सार्थकी लागतो. गाडीतून फोटो काढताना बॉनेटवरून नेम धरू नये, इंजिनाची गरम हवा थेट मध्ये येते. इंजिन बंद करून बाजूच्या खिडकीतून काढावा. संध्याकाळी भोवत्या (हॅरियर) माळावर उतरू लागतात तेव्हा उजेड झपाट्यानं जातो. साडेपाचनंतर टीसी काढून ठेवलेला बरा.

हे सगळं वाचून घ्यायचा विचार पक्का होत असेल तर आधी भाड्यानं आणून घरी तपासा. २५ मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवा. तिपाई, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ २००, वेळ सकाळची. नुसती लेन्स एफ/६.३ ला, मग टीसीसकट एफ/९ आणि एफ/११ ला. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घ्यायचा. नंतर नुसत्या लेन्सचा फोटो १.४ पट मोठा करून टीसीच्या शेजारी ठेवा आणि अनुस्वार बघा. टीसीच्या फोटोत अनुस्वार सुटा, गोल दिसतोय आणि मोठ्या केलेल्या फोटोत शिरोरेघेला चिकटलाय, तर टीसी कमाई करतोय. दोन्हीकडे सारखाच पुसट असेल तर पैसे वाचले. सेन्सरचे पिक्सेल जितके बारीक तितका हा फरक कमी. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तो सर्वात जास्त दिसतो, ३२ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी या लहान सेन्सरवर सर्वात कमी. डीएसएलआर असेल तर ऑटोफोकसची सूक्ष्म जुळणी टीसीसकट वेगळी करावी लागते.

माझं मत असं: ७०-२०० एफ/२.८ किंवा ३०० एफ/४ वाल्यांनी १.४ बिनधास्त घ्यावा. ५०० एफ/४, ६०० एफ/४ वाल्यांना सांगायला नको. एफ/५.६-६.३ च्या झूमवाल्यांनी चाचणी झाल्याशिवाय घेऊ नये, आणि अशा झूमवर २ चा टीसी तर घेऊच नये, एफ/१३ ला हातात काही उरत नाही. लेन्स टीसी स्वीकारते का हेही आधी बघा. कॅनन आरएफ ७०-२०० एफ/२.८ ची पहिली आवृत्ती स्वीकारत नाही. आरएफ १००-५०० वर तो ३०० मिमीच्या पुढेच चालतो, त्यामुळे लेन्स पूर्ण मिटत नाही आणि पिशवी लांब लागते. सोनीच्या माउंटमधल्या सिग्मा-टॅमरॉन लेन्सवर टीसी लागतच नाही.

जुना घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसरीकडून काचेत बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या काचेत बुरशीचे धागे असू शकतात. लेन्सवर चढवून हलकेच पिळून पाहा, खडखड जाणवली तर माउंट झिजलंय. आणि आपल्याच लेन्सवर, आपल्याच कॅमेऱ्यावर किमान वीसेक फोटो काढून, घरी मोठ्या पडद्यावर बघून मगच पैसे द्या.