24 दिवस गेले, 24 तास वाढले

राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. (महिन्याभरात टाळेबंदी आली आणि सगळेच वार सारखे झाले, ही गोष्ट वेगळी.) कामाचा आठवडा लहान झाला असे मीही मानले होते, पुढे एकदा हिशेब कागदावर मांडला. पूर्वी वर्षाला सरासरी 288 दिवस आणि जेवणाची सुट्टी वगळता रोज सव्वासात तास, म्हणजे 2088 तास काम होते. आता 264 दिवस आणि रोज आठ तास, म्हणजे 2112 तास.

तरीही मी तोट्यात नाही, याचे श्रेय बदलापूर लोकलला. जाण्यायेण्यात माझे रोज चार तास जातात. 24 शनिवारांचे 96 तास वाचले, त्यांतून वाढीव 24 वजा केले तरी 72 उरतात. कार्यालयाजवळच्या वसाहतीत राहणाऱ्या सहकाऱ्याला मात्र हा हिशेब पटत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. शासनाला वीज, पाणी आणि वाहनांच्या इंधनात बचत अपेक्षित होती. काम लवकर उरकेल, असा त्यामागचा विचार नव्हता.

ब्रिटनमध्ये 2022 साली 61 कंपन्यांनी सुमारे 2900 कर्मचाऱ्यांवर सहा महिने केलेला प्रयोग याहून वेगळा होता. तिथे पगार तोच ठेवून तासच कमी केले गेले. त्यासाठी लांबलेल्या बैठकांना कात्री लागली, आणि प्रयोग संपल्यावरही 56 कंपन्यांनी तो चालू ठेवला. मालकाचा फायदा होतो तो इथे, कारण वेळ आखडली की निरर्थक कामे आधी गळतात. आमच्याकडे वेळ वाढली, त्यामुळे एका टिपणीवर सहा सह्या घेण्याची पद्धत कोणालाही तपासावी लागली नाही. शिवाय शनिवारी मजुरी न बुडवता दाखल्यासाठी येऊ शकणाऱ्या माणसाला आता दाराला कुलूप दिसते.

आणि आमच्या शिपायांची वेळ साडेनऊ ते साडेसहा अशी ठरली. पेढ्यांचा पुडा मात्र त्यांच्यापैकीच एकाने आणला होता.