तुम्ही विचारलंत म्हणून: बाग एवढी जवळ, तरी मी व्यायामाला का येत नाही

मी व्हीलचेअर वापरते. सोसायटीतले विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि मग कुणीतरी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढतंच. पेटकरांबद्दल मला अपार आदर आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या माणसाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पण पोहणं त्यांच्या उपचारांतच होतं. पाण्यापर्यंत त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

मी गेले होते बागेत. मोटरसायकली शिरू नयेत म्हणून दाराशी लोखंडी नळ्यांचं वळण केलंय. माणूस तिरका होऊन जातो, व्हीलचेअर जात नाही. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, “ताई, किल्ली मुकादमांकडे. ते दहानंतर येतात.” शेवटी कॉलेजच्या दोन मुलांनी मला खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवलं. भली मुलं होती. पण मी अधांतरी असताना हास्य क्लबच्या बायका हसायच्या थांबून बघत होत्या, एकीने तर हात जोडले. आत ओपन जिमचं प्रत्येक यंत्र उभं राहून किंवा वर चढून बसून चालवायचं. ट्रॅकवर जेमतेम एक फेरी झाली, तोच मुलं आली. “काकू, आमचं लेक्चर आहे. निघायचं का?” ती गेली असती तर मी आतच अडकले असते. निघाले.

“उचलायला कुणीही येईल की,” असं म्हणू नका. मला उचलून घ्यायचं नाही. यात मानाचा प्रश्न आहे, आणि तो मी लपवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिव्यांग प्रौढांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. तरुणपणी मी म्हणायचे, बाग नसली तर नसली, घरात डंबेल्स आहेत. ते आजही करते. पण दम लागेल एवढं अंतर दोन खोल्यांत कुठून आणू? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने करमणुकीच्या सार्वजनिक जागाही आमच्यासाठी सुगम करायला सांगितल्यात, तेव्हा मी भीक मागत नाहीये.

नळ्या काढा म्हणावं, तर मोटरसायकली आत येतील आणि पहिली धडक मलाच बसेल. किल्ली वॉचमनकडे ठेवा म्हणावं, तर रोज कुणाला तरी हाक मारून आत जायचं. दोन्ही अर्ज लिहून ठेवलेत, कुठला द्यावा ते ठरत नाही. तुम्ही रोज त्या वळणातून आत जाता. मोठं फाटक सकाळी बागेबरोबरच का उघडत नाही, हे एकदा मुकादमांना विचारा.