रोहित आणि दगडी मोर: भरतीचं गणित एकदाचं जुळलं

जुळलं! सकाळी रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा डोक्यावरून, दुपारी सीएसएमटीचे दगडी प्राणी लख्ख उन्हात, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक लोकल. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहेच, 'एक सॅक, एक दिवस, पक्षी आणि शहर' या आमच्या उद्योगातला मुंबईचा दिवस कुठे अडकून पडला होता ते. शिवडीला.

तिथली अडचण पुन्हा सांगते, कारण उत्तर तिच्यातूनच निघालं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि थवा पाण्याच्या कडेकडेने आत सरकत जातो. दुर्बिणीतून उरते ती गुलाबी रेघ. छोटा रोहित कोणता, मोठा कोणता, काही ठरवता येत नाही. भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि पक्षीच दिसेनासे होतात. मधला जो काही वेळ हाताशी असतो तो सकाळी गाठला तर सूर्य थेट डोळ्यांत, कारण किनाऱ्यावरून आपण पूर्वेकडे बघत असतो. दुपारी गाठावा तर सीएसएमटी हातची जाते. तिची दर्शनी बाजू पश्चिमेला, तिथलं कोरीवकाम उजळतं ते दुपार कलल्यावर. दोन्ही ठिकाणांना दुपारच हवी आणि दुपार तर एकच.

मी भरती-ओहोटीची कोष्टकं पसरून बसले होते. मैत्रिणीचा जीव जुन्या इमारतींत, पक्षी ती माझ्यासाठी बघते. तिने सहज विचारलं, "अगं, पण पाणी चढल्यावर ते जातात कुठे?"

जातात नवी मुंबईला! खाडीतला चिखल बुडाला की बरेच थवे सीवूड्स-नेरूळकडच्या उथळ पाणथळींवर येऊन उतरतात आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबतात. म्हणजे शिवडीला जी भरती आमचे पक्षी पळवत होती, तीच सीवूड्सला ते आणून देते. आणि सीवूड्स-दारावेहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला जाते. तिथल्या तिथे शिवडीचा कागद मिटला.

आता तिथी. आपला जुना ठोकताळा: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ. कागदावर याहून सोयीचं काही नव्हतं, म्हणून आधी एकादशीलाच गेलो. शेकाटे भरपूर, शराटी होते, दोन चित्रबलाकही दिसले, पण रोहित तुरळक. भरती वेळेवर आली होती, पाणी मात्र बेताचं चढलं होतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यांत कमी जोराची भरती, असतो आणि एकादशीपर्यंत पाण्याला पुरता जोर आलेला नसतो. खाडीतला वरचा चिखल उघडा राहिला तर थव्याने जागा का सोडावी?

मग उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, बघितलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पाणी हवं तेवढं, पण ठोकताळ्यानेच सव्वाअकरा होतात. तोवर पाणथळीवर उन्हाची झळ थरथरायला लागते आणि दुर्बिणीत सगळं पातळ होऊन जातं. चांगली भिंगंसुद्धा या झळीपुढे काही करू शकत नाहीत.

उरली त्रयोदशी. पावणेदहा. पाणी उधाणाकडे चढतं आणि झळ अजून सुरू झालेली नसते. एक सूचना मात्र मनापासून: ठोकताळ्याने दिवस निवडा, वेळ छापील कोष्टकातून घ्या. अर्ध्यापाऊण तासाचा फरक सहज पडतो. शिवाय बहुतेक अ‍ॅपमधली मुंबईची वेळ गेटवेजवळच्या अपोलो बंदरची असते, खाडीत आत पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं.

आठ वाजता बांधावर पोहोचलो तेव्हा पाणथळ रिकामी होती. साडेआठच्या पुढे तिवरांवरून पहिली रांग आली. उडताना पंखांखालचा लाल आणि काळा रंग असा उघडतो की मैत्रीण बोलता बोलता थांबली. उतरताना ते पाण्यावर चार पावलं धावतात, मग पंख मिटतात. त्यानंतर रांगांमागून रांगा. ऊन पाठीवर होतं, त्यामुळे प्रत्येक चोच स्पष्ट: छोट्या रोहिताची गडद, काळपट लाल, मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी. राखाडी-तपकिरी पिल्लंही वेगळी काढता आली, जे शिवडीला कधीच जमलं नव्हतं.

एक मोठा रोहित अगदी कडेला आला. डोकं उलटं करून चोच पाण्यात, आणि पाय आपटत स्वतःभोवती गोल गोल फिरणं. तळाचा गाळ ढवळून त्यातले बारीक जीव वर काढायचे, ही त्याची रीत. चोचीच्या कडांतून पाण्याच्या बारीक धारा सुटत होत्या. आतली जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी ओढते आणि फेकते, आणि खाणं चोचीतल्या जाळीत अडकतं. हे सगळं इतकी वर्षं नुसतं वाचलं होतं. या खेपेला धारा मोजता येतील इतक्या जवळून पाहिलं.

हत्यारांबद्दल. दिवसभर चालायचं असेल तर 8×42 दुर्बीणच (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची). 10×50 छान दाखवते, पण दुपारपर्यंत मान आणि हात दोन्ही थकतात. फोन दुर्बिणीला जोडायचा जो अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन मागवला होता, त्याचा स्क्रू पहिल्याच तासात फिरायला लागला आणि विकणाऱ्याने दाद दिली नाही. घ्यायचाच तर धातूच्या आट्यांचा घ्या, प्लास्टिकच्या नको.

साडेदहाच्या सुमाराला निघालो. वाशीच्या पुलावरून लोकल जाताना डाव्या दारातून पाहिलं, पाणी अजून तुडुंब होतं, चिखलाचा मागमूस नाही.

सीएसएमटी हा मैत्रिणीचा प्रांत. जेवण करून सावलीत थांबलो, ऊन कललं तसे समोर गेलो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या या इमारतीचं बांधकाम 1878 ला सुरू झालं आणि त्याला दहा वर्षं लागली. बरीचशी नक्षी आजच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांची. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सगळे बघतात. तिने माझी दुर्बीण घेतली आणि मला वर, कमानीतला पिसारा फुलवलेला मोर दाखवला. तिरप्या उन्हात पिसाऱ्याचा एकेक डोळा वेगळा उठून आला होता. त्यानंतर आम्ही पानांच्या नक्षीत लपलेली माकडं शोधत राहिलो. पक्षी शोधायची नजर इथे जशीच्या तशी कामाला येते: आधी आकार, मग हालचालीचा भास, मग तपशील.

उच्च न्यायालयाचं कोरीवकाम आणि राजाबाई टॉवर त्याच संध्याकाळी घ्यायचं ठरलं होतं, पण ऊन संपलं.

पुढच्या वेळी त्यांच्यासमोरच्या ओव्हल मैदानाकडून सुरुवात करणार होतो. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: लोकल शिवडीवरूनच जाते! पावणेदहाची भरती धरली तर साडेबारा-एकपर्यंत चिखल पुन्हा उघडा पडायला लागेल, म्हणजे सकाळचाच थवा परतताना शिवडीच्या किल्ल्यावरून बघता येईल, आणि तोवर सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलायला लागलेला असेल. मिटलेला कागद पुन्हा उघडावा लागणार. मैत्रिणीला आत्ताच फोन केला, तर तिचं म्हणणं, मग सीएसएमटीला न जाता किल्लाच नीट बघू. पटलं मला. ओव्हल पुढच्या पंधरवड्यावर.

किल्ल्याच्या तटावरून चिखलाचा किती भाग दिसतो आणि मध्ये काय आडवं येतं, हे कोणी अलीकडे पाहिलं असेल तर सांगा. त्यावरून स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) घ्यायचा की फक्त नेहमीची दुर्बीण, ते ठरवते.